जमिनीचा ‘इसीजी’ काढणारा कॉनराड

उन्हाळी धानाला पाणी कमी पडू लागलं, की गोंदिया जिल्ह्यात बोअर मारण्याची लगबग सुरू होते. सालेकसा, देवरीकडे खाली कठीण खडक. कुठे पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो आणि नारळ उभा राहिला तिथे खूण करतो. पाणी लागलं तर नशीब, नाही तर कोरड्या बोअरचं कर्ज. कुठे भूवैज्ञानिक येतात. ते एका रेषेत चार सळया रोवतात, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडतात आणि आतल्या दोन सळयांमधला विद्युतदाब मोजतात. या मांडणीला ‘श्लम्बर्जर मांडणी’ म्हणतात. ज्याच्या आडनावावरून हे नाव पडलं, तो पाण्याचा नव्हे, भौतिकशास्त्राचा माणूस होता.

कॉनराड श्लम्बर्जर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८७८ रोजी अल्सास प्रांतातल्या गेबविलेर या गावी झाला. घराणं कापड गिरणीवाल्यांचं. १८७१ च्या युद्धानंतर अल्सास जर्मनीकडे गेला होता, पण कुटुंबाने मुलांना शिकायला फ्रान्समध्ये पाठवलं. १९०७ मध्ये कॉनराड पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागले.

त्यांच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता. छातीवर हात न लावता जशी हृदयाची विद्युतलहर कागदावर उमटते, तसं जमीन न खोदता पोटातलं कळेल का? प्रत्येक खडक विजेला सारखा अडवत नाही. धातूचं खनिज तिला सहज वाट देतं, कोरडा कातळ अडवतो. कॉलेजच्या तळघरात तांब्याचा न्हाणीटब वाळूने भरून त्यांनी प्रयोग सुरू केले. १९१२ मध्ये नॉर्मंडीतल्या कुटुंबाच्या मळ्यावर त्यांनी खऱ्या जमिनीवर मोजमापं घेतली. लवकरच सर्बियातल्या बोर इथे तांब्याचं खनिज शोधताना ही पद्धत उपयोगी पडली.

मग पहिलं महायुद्ध आलं आणि कॉनराड तोफखान्यात गेले. युद्धाने त्यांना कायमचं युद्धविरोधी केलं. १९१९ मध्ये वडील पॉल यांनी कॉनराड आणि धाकटा भाऊ मार्सेल यांच्या कामासाठी मोठी रक्कम दिली. अट एकच होती, पैशापेक्षा विज्ञानाचं हित आधी पाहायचं. मार्सेल इंजिनिअर होते. मोठ्या भावाच्या कल्पनेला यंत्राचं रूप देणं हे त्यांचं काम.

तेलविहिरींतली अडचण निराळी होती. शेकडो मीटर खाली कोणता थर आहे, हे कळायला खडकाचे गोल तुकडे कापून वर काढावे लागत. काम संथ आणि खर्चिक, शिवाय ठिसूळ थर हाती येण्याआधीच चुरा होई. कॉनराड यांनी विचार केला, जमिनीवर जे मोजतो ते भोकाच्या आतच का मोजू नये?

५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सासमधल्याच पेशेलब्रॉन तेलक्षेत्रात त्यांचे जावई हेन्री डॉल आणि दोन सहकाऱ्यांनी तारेला बांधलेलं उपकरण विहिरीत सोडलं. एक मीटर ओढायचं, थांबायचं, मोजायचं, आकडा लिहायचा. ते आकडे आलेखावर हाताने मांडले, तेव्हा थर बदलला तिथे रेषा बदललेली स्पष्ट दिसली. हाच विहिरीचा पहिला विद्युत लॉग. हे मोजमाप लोखंडी केसिंग बसवण्याआधीच घ्यावं लागतं, कारण लोखंड वीज आपल्याकडेच ओढून घेतं.

पण लॉग काढणं वेगळं आणि वाचणं वेगळं. एकट्या रेषेवर भरवसा ठेवला, तर फसगत ठरलेली. सच्छिद्र वाळूदगडात खारं पाणी असेल तर विरोध कमी, तेल असेल तर जास्त. मात्र छिद्र नसलेला घट्ट दगडही जास्तच विरोध दाखवतो. चिकणमाती पाण्यासारखी फसवते. म्हणून १९३१ पासून विहिरीत आपोआप निर्माण होणारा विद्युतदाबही सोबत मोजला जाऊ लागला. त्यातून चिकणमाती आणि वाळूदगड वेगळे ओळखता येऊ लागले. पुढे नैसर्गिक गॅमा किरण, घनता अशी इतर मोजमापं आली. छिद्रांचं प्रमाण, विरोध आणि पाण्याचा वाटा यांना जोडणारं सूत्र अमेरिकेच्या गस आर्ची यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलं. एका रिपोर्टवर निदान करू नये, हा दवाखान्यातला नियम इथेही तसाच लागू होतो.

ते सूत्र पाहायला कॉनराड नव्हते. सोव्हिएत संघातून परतताना ९ मे १९३६ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५७ वर्षं. १९७४ मध्ये मुंबई हायच्या चुनखडीत तेल सापडलं, तेव्हा असे लॉग हे तेलविहिरींतलं रोजचं काम झालं होतं.

गोंदियाच्या शेतात मात्र खूण उलटी वाचायची. इथल्या कातळात विरोध कमी झाला, तर झिजलेला किंवा भेगाळलेला, पाणी धरणारा थर असण्याची शक्यता वाढते. नुसती चिकणमातीही तसंच दाखवू शकते, त्यामुळे आजूबाजूच्या विहिरी आणि खडकाची माहिती घेऊनच जागा ठरते. सळयांचा सर्वेही पाण्याची हमी देत नाही. पण त्यात चूक झाली, तर ती तपासता येते आणि पुढच्या बोअरच्या वेळी कामी येते. नारळाची चूक तपासायला काहीच मागे उरत नाही.