ताफ्याविना निघालेले ट्रुमन

१९ जून १९५३ ची सकाळ. अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या इंडिपेन्डन्स गावातील एका जुन्या, प्रशस्त लाकडी घरातून एक वृद्ध जोडपे बाहेर पडले. सामान मोटारीत चढवले गेले. एकोणसत्तर वर्षांचे यजमान स्वतः चाकामागे बसले, त्यांच्याहून काही महिन्यांनी लहान असलेल्या पत्नी शेजारी बसल्या आणि नवी क्रायस्लर पूर्वेच्या दिशेने निघाली. मागेपुढे पोलिसांची गाडी नव्हती, सोबत सचिव नव्हता, अंगरक्षकही नव्हता. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत हेच गृहस्थ जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचे अध्यक्ष होते. हॅरी एस. ट्रुमन आणि त्यांच्या पत्नी बेस सुट्टीवर निघाले होते. न्यूयॉर्कला राहणाऱ्या मुलीला भेटायचे, वॉशिंग्टनला जुन्या स्नेह्यांना गाठायचे, फिलाडेल्फियाला एक भाषण द्यायचे, एवढेच निमित्त. हे सारे आगगाडीनेही सहज जमले असते. पण नवी मोटार दारात उभी होती, आणि मोटार हाकणे हा ट्रुमन यांचा जुना शौक होता.

हा शौक त्यांना लागला तो बेस यांच्यामुळेच, असे म्हटले तर फारसे वावगे ठरू नये. ८ मे १८८४ रोजी मिसुरीतील लामार येथे जन्मलेले हॅरी सहा वर्षांचे असताना कुटुंब इंडिपेन्डन्सला आले. तिथल्या चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी बेस वॉलेस हिला प्रथम पाहिले. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे मैदानी खेळांपासून दूर राहिलेला, पुस्तके आणि पियानो यांत रमणारा हा मुलगा. तर बेस सधन घरातील आणि खेळात पटाईत. वडिलांनी धान्याच्या सट्ट्यात पैसा गमावल्याने हॅरी यांचे महाविद्यालयीन शिक्षण हुकले. रेल्वेच्या कामावर हजेरी घेणे, बँकेत कारकुनी करणे असे करीत अखेर १९०६ मध्ये ते ग्रँडव्ह्यू येथील घरच्या शेतीवर परतले आणि दहा-अकरा वर्षे नांगरामागे चालले. १९११ मध्ये त्यांनी पत्रातून बेसला मागणी घातली. तिने नकार दिला. हॅरी यांनी मात्र पत्रे लिहिणे थांबवले नाही.

ग्रँडव्ह्यू ते इंडिपेन्डन्स हे अंतर सुमारे वीस मैलांचे. आगगाडी आणि ट्राम बदलत ते कापण्यात निम्मा दिवस जाई. १९१४ मध्ये आईकडून पैसे घेऊन हॅरी यांनी एक जुनी स्टॅफर्ड मोटार विकत घेतली, आणि शेतावरची कामे आटोपून बेसच्या दारी पोहोचणे सोपे झाले. तोवर नकाराचा होकारही झाला होता. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्याच्या एका तुकडीचे नेतृत्व करून ते परतले आणि २८ जून १९१९ रोजी दोघे विवाहबद्ध झाले. पहिल्या भेटीपासून विवाहापर्यंत एकोणतीस वर्षे गेली होती.

संसार सुरू झाला तोच कर्जात. एका युद्धमित्राच्या भागीदारीत कॅन्सस सिटीत काढलेले पुरुषांच्या कपड्यांचे दुकान १९२२ मध्ये बुडाले. त्याच वर्षी टॉम पेंडरगास्ट या स्थानिक राजकीय दादाच्या पाठिंब्याने ट्रुमन जॅक्सन परगण्याच्या निवडणुकीस उभे राहिले आणि जिंकले. पद न्यायाधीशाचे म्हणवले जाई, काम मात्र आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या सभासदासारखे होते. १९२४ ला पराभव झाल्यावर पोटासाठी त्यांनी मोटारमालकांच्या एका क्लबची सभासदपत्रे विकली. १९२६ मध्ये नॅशनल ओल्ड ट्रेल्स रोड या, पूर्व किनाऱ्यापासून कॅलिफोर्नियापर्यंत जाणाऱ्या मार्गाचा पुरस्कार करणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले. जुन्या वसाहतकारांच्या वाटेवर, कडेवर मूल घेतलेल्या मातेचे बारा पुतळे बारा राज्यांत उभे राहिले, त्यांच्या जागा ठरवण्यासाठीही ते हिंडले. पुन्हा निवडून येऊन परगण्याचे प्रमुख झाल्यावर १९२८ मध्ये त्यांनी रस्त्यांसाठी ६५ लाख डॉलरचे कर्जरोखे मतदारांकडून मंजूर करून घेतले आणि दोनशेहून अधिक मैलांचे काँक्रीटचे रस्ते बांधले. पेंडरगास्टच्या मर्जीतले ठेकेदार हात चोळत बसले. एक रस्ता ट्रुमन यांच्या आईच्याच शेतातून गेला. लेकाच्या कारभारात आईला भरपाई मिळाली नाही. पेंडरगास्ट पुढे करचुकवेगिरीपायी तुरुंगात गेला. त्याच्या आधाराने वर आलेल्या ट्रुमन यांच्या हाताला मात्र पैसा चिकटला नाही, एवढे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागले.

१९३५ मध्ये सिनेटर, जानेवारी १९४५ मध्ये उपाध्यक्ष आणि १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांच्या निधनाने अचानक अध्यक्ष, असा त्यांचा प्रवास झाला. त्यापुढील पावणेआठ वर्षांचा इतिहास सर्वज्ञात आहे. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय त्यांच्या नावावर कायमचा लिहिला गेला, आणि त्याचे समर्थन त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. १९४८ मध्ये त्यांनी सैन्यदलांतील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी सर्व अंदाज खोटे ठरवून ते निवडणूक जिंकले. १९५१ मध्ये अन्नटंचाईने ग्रासलेल्या भारतासाठी १९ कोटी डॉलरच्या धान्यकर्जाच्या विधेयकावर त्यांनी सही केली. पण कोरियातील रेंगाळलेल्या युद्धाने लोकप्रियता पार रसातळाला नेली. २० जानेवारी १९५३ रोजी आयझेनहॉवर यांच्याकडे सूत्रे देऊन ते आगगाडीने घरी परतले. घरी येऊन पहिले काम कोणते केले, या वार्ताहराच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: पेट्या माळ्यावर नेऊन ठेवल्या.

माजी अध्यक्षाला त्या काळी निवृत्तिवेतन नव्हते, कार्यालय नव्हते, सरकारी संरक्षणही नव्हते. लष्करी सेवेचे दरमहा सुमारे ११२ डॉलर तेवढे मिळत. अध्यक्षपदाच्या पुण्याईवर कंपन्यांची संचालकपदे भूषवणे त्यांना अप्रशस्त वाटे. आलेले प्रस्ताव त्यांनी नाकारले. आठवणी लिहिण्याचा सहा लाख डॉलरचा करार मात्र त्यांनी केला. त्यांच्या तथाकथित दारिद्र्याची कथा अनेक वर्षे सांगितली गेली. २०२१ मध्ये पॉल कॅम्पोस या कायद्याच्या प्राध्यापकांनी कौटुंबिक कागदपत्रांच्या आधारे या कथेला छेद दिला. पद सोडताना ट्रुमन यांच्यापाशी काही लाख डॉलरची पुंजी होती, असे त्यांनी दाखवले. तेव्हा हा प्रवास पैशाच्या ओढगस्तीतून झाला असे मानण्याचे कारण नाही. ट्रुमन यांना पुन्हा चारचौघांसारखे व्हायचे होते, आणि ते जमते का हे रस्त्यावर उतरूनच कळणार होते.

बेस यांची ओढ तर त्याहून जुनी होती. व्हाइट हाउसमध्ये त्यांचे मन कधी रमले नाही. पत्रकार परिषदा घेण्याचे त्यांनी टाळले आणि शक्य होईल तेव्हा इंडिपेन्डन्सचे घर गाठले. हॅरी यांनी त्यांना लिहिलेली तेराशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. स्वतःची बहुतेक पत्रे मात्र बेस यांनी जाळून टाकली. इतिहासाचा तरी विचार कर, असे पतीने म्हणताच आपण तोच विचार करीत आहोत, असे त्या उत्तरल्या, अशी आठवण सांगितली जाते. अशा या बाईंना गर्दीविना, भाषणांविना, नवऱ्याशेजारी बसून रस्ता पाहायला मिळणार होता.

त्यांची एकच अट होती: वेग ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. ट्रुमन यांना वेगाची हौस होती. काट्यावर बेस यांची नजर होती. आजचे आंतरराज्य महामार्ग तेव्हा अस्तित्वात नव्हते. त्यांचा कायदा १९५६ चा. रस्ता मक्याच्या शेतांमधून जाई आणि प्रत्येक गावाच्या मुख्य पेठेतून बाहेर पडे. वाटेतली गावे टाळून पुढे जाण्याची सोयच नव्हती. शिवाय जूनचा उकाडा.

पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणासाठी ते मार्क ट्वेनच्या हॅनिबल गावी एका साध्या उपाहारगृहात शिरले. काही वेळ कोणाच्या लक्षात आले नाही. मग मिसुरीच्या जुन्या राजकारणातल्या कोणीतरी ओळखले. गंमत अशी की हाक आली ती अध्यक्ष म्हणून नव्हे, तर जज्ज ट्रुमन म्हणून. हस्तांदोलने झाली, सह्या झाल्या आणि जोडपे मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये शिरले. संध्याकाळी डिकेटर येथे पेट्रोल भरायला थांबले. सिनेटर असताना वॉशिंग्टनला जाता-येता ते याच पंपावर थांबत, त्यामुळे इथेही ओळख लपली नाही. रात्री मोटेलमध्ये मुक्काम केला, तर गावच्या पोलिसप्रमुखांना काळजी लागली. माजी अध्यक्षाला आपल्या हद्दीत काही झाले तर जाब कोणाला विचारणार? न मागता पहारा आला.

दुसऱ्या दिवशी इंडियानापोलिसहून पुढे रस्ता ४० क्रमांकाचा लागला. ओहायो ओलांडून पश्चिम व्हर्जिनियातील व्हीलिंगकडे जाणारा हा रस्ता म्हणजे तोच जुना नॅशनल ओल्ड ट्रेल्स रोड. मूल कडेवर घेतलेल्या मातेचे ते पुतळे याच वाटेवर रिचमंडला, स्प्रिंगफील्डला, व्हीलिंगला उभे आहेत. पैकी स्प्रिंगफील्डच्या पुतळ्याच्या अनावरणाला ४ जुलै १९२८ रोजी ट्रुमन यांनीच भाषण केले होते. तेव्हा ते मिसुरीबाहेर कोणालाही ठाऊक नसलेले परगण्याचे कारभारी होते. आता त्याच रस्त्यावर अनोळखी राहणे त्यांना अशक्य झाले होते. व्हीलिंगला मुक्काम करून ते रविवारी मेरीलँडमधील फ्रॉस्टबर्गला जेवायला थांबले. तिथेही बघता बघता माणसे जमली, आणि दोघे बसले होते त्या बाकावर पुढे पाटी लागली.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. याच काळात याच रस्त्यांनी प्रवास करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना यातील अनेक उपाहारगृहांत आणि मोटेलांत प्रवेश नव्हता. कुठे थांबता येईल हे सांगणारी ग्रीन बुक नावाची वेगळी मार्गदर्शिका ते जवळ बाळगत. ती १९३६ पासून १९६६ पर्यंत निघत होती. सैन्यातील वर्णभेद आदेशाने मोडणारे ट्रुमन ज्या मोकळेपणाच्या शोधात निघाले होते, तो मोकळेपणा त्यांच्या लाखो देशबांधवांच्या वाट्याला आलेलाच नव्हता.

वॉशिंग्टनमध्ये जुन्या सहकाऱ्यांनी हॉटेलात रीघ लावली. २६ जून रोजी फिलाडेल्फियात राखीव दलाच्या अधिकाऱ्यांपुढे बोलताना ट्रुमन यांनी संरक्षण खर्चातील कपातीवर टीका केली. राजकारण काही त्यांच्या रक्तातून गेले नव्हते. न्यूयॉर्कला मुलगी मार्गारेट होती. तिथल्या मुक्कामात लग्नाचा चौतिसावा वाढदिवस आला. सकाळी फिरायला निघाले की वार्ताहर मागे, नाटकाला गेले की प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत. जानेवारीत ज्यांची लोकप्रियता धुळीला मिळाली होती, त्यांना जूनमध्ये लोक प्रेमाने गराडा घालत होते. सत्ता गेल्यावर माणसाविषयीचा राग इतक्या लवकर निवावा, हे नवलच.

परतीच्या वाटेवरचा प्रसंग सर्वांत बोलका आहे. पेनसिल्व्हेनियाच्या टोलरस्त्यावर वाहतूक पोलिसाने क्रायस्लर थांबवली. गुन्हा अतिवेगाचा नव्हता. डावी मार्गिका अडवून हळू चालवल्याने मागच्या गाड्यांचा खोळंबा झाला होता. बेस यांची ५५ मैलांची अट अशी अंगाशी आली! चालक कोण आहे हे पाहून पोलीस चाट पडला. त्याने समज देऊन सोडून दिले. दंड झाला असता तर कदाचित ट्रुमन अधिक खूश झाले असते.

सुमारे अडीच हजार मैल, म्हणजे चार हजार किलोमीटर कापून ८ जुलैला दोघे घरी पोहोचले. एवढा लांबचा पल्ला त्यांनी पुन्हा कधी मोटारीने गाठला नाही. दर मुक्कामी जमणारी गर्दी आणि गावोगावच्या पोलिसांची तारांबळ पाहून, चारचौघांसारखे होणे आपल्या हाती नाही हे दोघांना उमगले होते.

यथावकाश सरकारलाही ते मान्य करावे लागले. १९५८ च्या कायद्याने माजी अध्यक्षांना वार्षिक २५ हजार डॉलरचे निवृत्तिवेतन आणि कार्यालयाचा खर्च मिळू लागला. या कायद्यामागे ट्रुमन यांच्या तक्रारींचा वाटा मोठा होता. केनेडी यांच्या हत्येनंतर १९६५ मध्ये माजी अध्यक्षांना तहहयात संरक्षण देण्याची तरतूद झाली. अंगरक्षक इंडिपेन्डन्सच्या घरी आले तेव्हा बेस यांना ते मुळीच रुचले नाहीत. त्यानंतर कोणा माजी अध्यक्षाने पत्नीला शेजारी बसवून, कोणालाही न कळवता देशाच्या दूरच्या टोकाला निघणे संपले.

ट्रुमन गावात मात्र चालत राहिले. रोज सकाळी हातात काठी घेऊन फेरी, १९५७ मध्ये उघडलेल्या आपल्या ग्रंथालयात बैठक, शाळकरी मुलांशी गप्पा. १९६५ मध्ये वृद्धांसाठीच्या आरोग्य विम्याच्या कायद्यावर जॉन्सन यांनी याच ग्रंथालयात येऊन सही केली आणि पहिले कार्ड ट्रुमन यांना दिले. हा विचार त्यांनीच दोन दशकांपूर्वी मांडला होता. २६ डिसेंबर १९७२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बेस त्यानंतर दहा वर्षे त्याच घरात राहिल्या आणि १९८२ मध्ये गेल्या. घर त्यांनी राष्ट्राला दिले. निधनाच्या काही महिनेच आधी ट्रुमन यांनी आणखी एक क्रायस्लर विकत घेतली होती. ती गाडी त्या घराच्या गॅरेजमध्ये जपून ठेवण्यात आली.