साने गुरुजींचं एकाच प्रतीचं दैनिक

तुमच्या धाकट्या भावंडांना शाळेत रंगीत चित्रांची पुस्तकं मिळतात ना? शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या पोरांना ती कुठली मिळायला! तिथे प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने शिक्षक म्हणून लागले. वय पंचवीसही नाही, म्हणजे तुमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. मग काय, पोरांच्या खोल्या झाडायच्या, कपडे धुवायचे आणि वर त्यांना वाचायला म्हणून हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहायचं. रोज! प्रत एकच, पण मजकूर याच पोरांसाठी, त्यांना नावानिशी ओळखणाऱ्या माणसाचा.

नोकरी सहाच वर्षं टिकली. १९३० मध्ये ती सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते. ते भराभर उतरवून घेणारा हात तोच होता, वसतिगृहाच्या दैनिकाचा.