मावळातील फाळके : कसब आणि भांडवल

पवनानगरकडून लोहगड-विसापूरच्या पलीकडे उतरले की मळवलीचे रेल्वे स्थानक लागते. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी एके काळी या परिसरात छापल्या जात. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत काढलेले शिळामुद्रणालय पुढे येथे आले. या मुद्रणालयासाठी छायाचित्रावरून शिळेवर चित्र उतरविण्याचे काम करणाऱ्यांत धुंडिराज गोविंद फाळके हे एक होते. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. परंतु लोणावळ्यात छापखाना थाटणारे फाळके आपल्या फारसे स्मरणात नाहीत.

१८७० साली त्र्यंबकेश्वरी वैदिक घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला व छायाचित्रण शिकून त्यांनी गोध्र्यास स्टुडिओ काढला. प्लेगने तेथे पत्नी व मूल हिरावून नेले. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, तीही सोडली. लोणावळ्याचा छापखाना भांडवलदार भागीदाराच्या आश्रयाने १९०८ साली दादरला ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ झाला. रंगीत मुद्रणातील नवे ज्ञान मिळविण्यासाठी फाळके १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. पुढे भागीदारांशी बिनसले आणि ज्या छापखान्याला नावलौकिक मिळवून दिला, त्यातून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले. कसब त्यांचे होते, यंत्रे दुसऱ्याची होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण क्रमिक पुस्तकात शोधावे लागू नये!

त्यानंतर ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून आपल्या पुराणपुरुषांना पडद्यावर आणण्याचा ध्यास त्यांनी घेतला, तेव्हा तारण म्हणून त्यांच्यापाशी काय होते? विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ साली लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी प्रथम वाटाण्याचा कोंब उगवून वेल होईपर्यंतची अवस्था टप्प्याटप्प्याने टिपली आणि ती काही क्षणांत पडद्यावर दाखविली. ही चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले. माझ्या मते हे त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोलके प्रकरण होय. मालमत्ता नसलेल्या माणसाने आपले कौशल्यच सावकारापुढे ठेवले. सरस्वतीबाईंचे दागिने मोडले ते वेगळेच. शिवाय फिल्म धुण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत त्या माउलीने केलेल्या श्रमांची नोंद कोणत्या वहीत असणार?

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्यातील कथा पुराणातली, तंत्र नवे. रविवर्म्यांच्या तसबिरींशी त्याचे नाते उघड आहे. ‘लंकादहन’ १९१७ साली आला आणि पैसाही आला. तथापि १९१८ साली भांडवलदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघताच लोणावळ्याचाच इतिहास पुन्हा घडला. मतभेद विकोपास गेले, फाळके काशीस निघून गेले आणि काही वर्षांनी परतले ते त्याच कंपनीत वेतन घेऊन काम करण्यासाठी. बोलपटाच्या युगात १९३७ साली ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट आला, तोही कोल्हापूरच्या दुसऱ्याच संस्थेसाठी. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे हलाखीत त्यांचे निधन झाले.