केशरी-काळ्या मोटारीचे महाराज

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळची सियागंज ही होळकरांच्या राज्यात वाढलेली घाऊक पेठ. किराणा, मसाले आणि सुकामेवा यांच्या गोण्यांबरोबरच लोखंडी सामान, हत्यारे आणि नळ्या यांचीही दुकाने तेथे दाटीने आहेत. वेगवान मोटारीच्या आत पोलादी नळ्यांचा जो पिंजरा बसवतात, ज्याला रोल केज म्हणतात, तो करू पाहणाऱ्याला अशा पेठेतली नळी सहज हाताशी येईल. परंतु पाण्यासाठी वा कठड्यासाठी बनलेली साधी जोडनळी या कामाची नव्हे. शर्यतीच्या मोटारीला थंड ओढीची, बिनजोड पोलादी नळी लागते. चालकाच्या डोक्यामागील मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाची व २.५ मिलिमीटर जाडीची, अथवा ५० मिलिमीटर व्यासाची व २ मिलिमीटर जाडीची नळी हवी, असा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा दंडक आहे. मोटार उलटली तरी आतल्या माणसापुरती पोकळी शाबूत राहावी, हा त्यामागचा हेतू. या शहराचे सर्वांत नामांकित मोटारशौकीन महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या तारुण्यात मात्र असा पिंजरा रूढ झालेला नव्हता.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. शिक्षण इंग्लंडात, चार्टरहाऊस शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात. मुंबईच्या मलबार हिलवर १९२५ साली झालेल्या बावला खून प्रकरणाचे पडसाद थेट इंदूरच्या गादीपर्यंत पोहोचले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांना पदत्याग करावा लागला. सतराव्या वर्षी हा मुलगा महाराजा झाला. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मात्र १९३० साली हाती आले. वडिलांच्या अपकीर्तीचे ओझे घेऊन गादीवर आलेल्या या तरुणाने पूर्वीच्या दरबारी डामडौलाकडे पाठ फिरवली, हे समजण्याजोगे आहे. त्याने नवा डामडौल स्वीकारला, एवढेच.

त्या नव्या डामडौलाचे ठळक रूप म्हणजे त्यांची ड्यूझेनबर्ग. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे बनणारी ही मोटार त्या काळी वेगाची परिसीमा मानली जाई. आठ सिलिंडरांचे सुमारे ६.९ लिटरचे इंजिन आणि त्यावर सुपरचार्जर. कंपनी ३२० अश्वशक्तीचा दावा करीत असे. तेव्हा श्रीमंत ग्राहक तयार मोटार घेत नसत. इंजिन, चाके आणि चॅसी कारखान्याकडून घ्यायची आणि वरचा देह आपल्या पसंतीच्या कारागिराकडून घडवून घ्यायचा, अशी रीत होती. यशवंतरावांनी १९३५ च्या सुमारास हे काम लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडे सोपवले. लांबलचक नाक, मागे निमुळती होत जाणारी शेपटी, दोघांपुरती बैठक आणि केशरी-काळा रंग, असे तिचे रूप सिद्ध झाले. सुकाणू उजव्या हाताला होते. मागे बसून मिरवण्याची सोय तिच्यात नव्हती. ती स्वतः हाकण्यासाठीच होती.

पण त्या देखण्या देहाच्या आत काय असे? लंडनच्या कारागिरांची त्या काळची रूढ पद्धत अशी, की अॅश लाकडाचा सांगाडा रचायचा आणि त्यावर हाताने ठोकून घडवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा मढवायचा. हा देह जड चॅसीवर नुसता बसलेला असे. उलटण्याच्या प्रसंगी आधार देण्याची ताकद त्याच्यात नसे. डोक्यावर कापडी छत, छातीवर पट्टा नाही. आजच्या पिंजऱ्याचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे. त्याच्या कमानी तिरप्या नळ्यांनी परस्परांना बांधलेल्या असतात आणि त्यांचे पाय जाड पोलादी पट्ट्यांवर टेकवून मूळ सांगाड्याला जखडलेले असतात. पट्ट्या नसल्या तर नळी तळाचा पत्रा भोसकून खाली जाईल. असा पिंजरा शिरस्त्राण आणि घट्ट पट्टे यांच्याविना रोजच्या रस्त्यावर वापरणे धोक्याचे, कारण साध्या धडकेतही डोके त्याच नळीवर आपटते, हे हौशी मंडळी बहुधा ध्यानात घेत नाहीत. १९३५ च्या ग्राहकाला यातले काही निवडायचेच नव्हते. त्याने रेषा निवडली, रंग निवडला आणि जीव दैवावर सोडला.

माणिकबाग राजवाडा उभारतानाही हीच चोखंदळ नजर दिसते. ऑक्सफर्डच्या दिवसांत ओळख झालेले जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांनी १९३० ते १९३३ या काळात तो घडवला. त्यात वातानुकूलन होते आणि सामान युरोपातील अग्रगण्य कलाकारांचे. जागतिक मंदीच्या त्या वर्षांत हा खर्च संस्थानच्या रयतेने भागवला, ही गोष्ट कलेच्या कौतुकात विसरली जाऊ नये. मात्र याच महाराजांनी होळकर क्रिकेट संघाला आश्रय दिला आणि सी. के. नायडूंसारख्या खेळाडूच्या बळावर त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४२ साली तर त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी मागितली. ब्रिटिशांच्या छत्राखालील संस्थानिकाने असे करणे सोपे नव्हते.

कागलच्या घाटगे घराण्यातील त्यांच्या पत्नी संयोगिताराजे १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या; त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. शिल्पकार ब्रांकुशी यांच्याकडून इंदूरला ध्यानमंदिर उभारून घेण्याचे ठरले होते. त्यांच्या तीन पक्षिशिल्पांची खरेदीही झाली होती आणि ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेले. मंदिर मात्र उभे राहिले नाही. नंतरचे दोन्ही विवाह अमेरिकन स्त्रियांशी झाले आणि महाराजांचा बराच काळ परदेशात जाऊ लागला. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९५६ पर्यंत ते तेथील उपराजप्रमुख होते.

५ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त होण्याच्या अवघ्या दोन आठवडे आधी, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ५३. त्याच वर्षीच्या हंगामापासून फॉर्म्युला वनच्या मोटारींना चालकाच्या डोक्यामागे संरक्षक कमान सक्तीची झाली होती. माणिकबागेतील सामानाचा १९८० साली मोनॅकोत लिलाव झाला आणि ड्यूझेनबर्ग अमेरिकेला परतली. इंदूरमध्ये त्यांचे नाव आज रोज घेतले जाते ते महाराजा यशवंतराव रुग्णालयामुळे. रस्त्यावरील अपघातांत जखमी झालेल्यांना लोक तेथेच घेऊन जातात.