सुई आणि सुरी

कुंभारी म्हणजे आता विडी कामगार महिलांच्या 10 हजार घरकुलांची वसाहत आणि वैद्यकीय महाविद्यालय. परवा तिथं बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेलो. यकृतात पू झाला होता. पोटावर टाक्यांची रांग दिसेल म्हणून मी मन घट्ट करून गेलो, तर गृहस्थ आरामात पेपर वाचत बसलेले! बरगडीखालून एक बारीक नळी आणि तिला पिशवी, बस्स. सोनोग्राफीत बघत सुईनं पू काढला होता.

मला थोरले काका आठवले. 1968 साली याच दुखण्यात त्यांचं पोट उघडलं होतं. ते घरी परतले नाहीत. काकूनं त्या सर्जनला कधी क्षमा केली नाही आणि आम्हीही.

सुरीऐवजी सुई हे सुचलं कुणाला? शोधता शोधता सर लिओनार्ड रॉजर्स भेटले. जन्म 1868 चा, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. 1893 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी यकृतातला पू म्हणजे सरळ चीर. निम्म्याहून अधिक रोगी त्यातून उठत नसत.

रॉजर्स शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहणारे. त्यांना दिसलं ते असं, की आमांशाच्या अमिबामुळे झालेल्या अशा गळवांत पुष्कळदा दुसरे जंतू नसतातच. ते शिरतात नंतर, उघड्या जखमेतून. मग जखम उघडी ठेवायचीच कशाला? पू बंद उपकरणानं ओढून घ्यावा, असा आग्रह त्यांनी धरला. 1912 मध्ये इपिकॅक मुळीतल्या एमेटिनची इंजेक्शनं त्यांनी रूढ केली. सुई आणि औषध यांच्या जोडीनं मृत्यू झपाट्यानं घटले.

पटकीच्या रोग्यांना शिरेतून तीव्र मिठाचं पाणी देऊन त्यांनी हजारोंना जगवलं. कलकत्त्याचं स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन त्यांच्याच खटपटीनं उभं राहिलं. 1962 मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

एमेटिन हृदयाला जड जायचं. 1966 नंतर त्याची जागा मेट्रोनिडॅझोलनं घेतली. आज अमिबाची लहान गळवं नुसत्या औषधानंही बरी होतात. मोठ्यांना सुई किंवा नळी लागते.

मग सुरी संपली का? हाच प्रश्न मी तिथल्या डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, गळू पोटात फुटलं, किंवा आत कप्पे होऊन पू नळीतून येईना, की शस्त्रक्रिया करावीच लागते. कधी दुर्बिणीतून, कधी पोट उघडून.

फुटलं की काय होतं, तेही त्यांनी सांगितलं. दुखणं एकाएकी पोटभर पसरतं आणि पोट लाकडासारखं कडक होतं.

मी गप्प झालो. काकू नेमकं हेच सांगायची. तीन आठवडे ताप, उजव्या बरगडीखाली कळ आणि घरी काढे. मग एका रात्री पोट फळीसारखं झालं, तेव्हा कुठे बैलगाडी जुंपली. त्या सर्जनपुढे सुईचा मार्ग उरलाच नव्हता. तो आम्ही बंद केला होता.

काकू आता नाही. तिला हे सांगायला हवं होतं. ताप आणि उजवीकडची कळ अंगावर काढू नका, एवढं तुम्हाला तरी सांगतो.