तुटलेला धागा : साकिची टोयोडा याचें चरित्र

विद्यार्थिमित्रहो, अंगावरील कापड उजेडांत धरून पाहिलें, तर उभा ताणा व आडवा बाणा यांची वीण स्पष्ट दिसते. विणतांना तींतील एक धागा तुटला व तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, तर सारें कापड सदोष होतें. ह्या तुटलेल्या धाग्याची चिंता ज्यानें जन्मभर वाहिली, त्या जपानी पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

साकिची टोयोडा याचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजीं यामागुची नांवाच्या खेड्यांत झाला. हें खेडें आतां शिझुओका प्रांतांतील कोसाई शहरांत मोडतें. बाप सुतार होता; आई घरीं हातमागावर विणीत असे. गांवच्या शाळेंतील शिक्षण संपतांच साकिची बापाच्या हाताखालीं रंधा धरूं लागला. इ. स. १८८५ मध्यें जपान सरकारनें शोधकांस आपल्या शोधावर हक्क देणारा कायदा केला. तेव्हां ह्या अठरा वर्षांच्या मुलानें शोधक होण्याचा निश्चय केला; आणि विषय दूर न शोधतां, आई ज्यावर राबत असे तो मागच त्यानें हातीं घेतला.

माग करावा, मोडावा, पुन्हां करावा, असा क्रम चालला. बापास हा उद्योग आवडेना. शेजारीही त्यास विक्षिप्त समजत. परंतु त्यानें धीर सोडला नाहीं. १८९० मध्यें तोकियो येथें भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनांत रोज जाऊन तो यंत्रें न्याहाळीत राहिला. त्याच वर्षीं त्याचा लांकडी हातमाग सिद्ध झाला. धोटा चालविण्यास आतां एकच हात पुरूं लागला व काम जवळजवळ दीडपट होऊं लागलें. १८९६ मध्यें त्यानें यंत्रशक्तीनें चालणारा माग तयार केला.

पुढें १९०७ मध्यें त्याच्या नांवाची मागांची कंपनी निघाली. परंतु धंदा मंदावला, चालकांशीं मतभेद झाले, आणि १९१० मध्यें त्यास ती सोडावी लागली. वय त्रेचाळीस! दुसरा एखादा खचून गेला असता. साकिची अमेरिका व युरोप येथील कारखाने पाहून आला, आणि १९११ मध्यें नागोया शहरीं त्यानें स्वतःची विणकामाची गिरणी काढली. हेतु हा कीं, आपला माग आधीं आपल्याच कामांत कसास लागावा. परंतु सूत चांगलें नसेल, तर मागाची खरी परीक्षा कशी व्हावी? म्हणून १९१४ मध्यें त्यानें सूत कातण्याचेंही काम आरंभिलें. दोषाच्या मुळापर्यंत जाण्याची ही त्याची रीत होती.

१९२४ मध्यें त्याचा स्वयंचलित माग पूर्णत्वास गेला. बाण्याचें सूत संपत येतांच वेग न थांबतां धोटा बदले. आणि धागा तुटला, तर माग आपोआप थांबे. त्यामुळें सदोष कापड विणलें जाईना, व प्रत्येक मागावर डोळे लावून बसण्याच्या दास्यांतून कामगार सुटला. १९२९ मध्यें इंग्लंडांतील प्लॅट ब्रदर्स ह्या प्रख्यात कंपनीनें ह्या मागाचे हक्क एक लक्ष पौंडांस घेतले. पुढील वर्षीं, ३० ऑक्टोबर १९३० रोजीं, साकिची निवर्तला.

त्याचा पुत्र किइचिरो याच्या परिश्रमानें १९३७ मध्यें टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. मागाचें तत्त्व तेथें पुढें माणसांस लागू झालें : दोष दिसतांच साध्या कामगारानेंही दोरी ओढावी किंवा कळ दाबावी, कारण शोधावें, व उपाय सुचवावा. रोज थोडी सुधारणा करण्याच्या ह्या रीतीस जपानी लोक काइझेन म्हणतात.

विद्यार्थ्यांनो, गणित चुकलें कीं पान उलटून पुढें जाऊं नका. धागा कोठें तुटला तें आधीं पाहा. आणि पालकांस विनंति ही कीं, निकालपत्रांतील उणें गुण पाहून मुलावर हात उगारण्यापूर्वीं कारण विचारावें. कारण न शोधतां केलेली शिक्षा म्हणजे धागा तुटलेला असतां माग चालूं ठेवणेंच होय. प्रभूच्या दाखल्यांतील एका चाकरानें धन्याचें द्रव्य भुईंत पुरून ठेवलें. आपल्यास मिळालेली बुद्धि तशी पुरली न जावी, एवढें जरी ह्या सुतारपुत्रापासून आपण शिकलों, तरी पुष्कळ झालें.