बाजारात विकला गेलेला चापू ते खडकीचा संस्थापक: मलिक अंबर घडला कसा?

छत्रपती संभाजीनगरातील भडकल दरवाजा आणि शहराच्या जमिनीखालून आलेली नहर-ए-अंबरी, या दोन्ही गोष्टी मलिक अंबरच्या काळातल्या. खडकी गावाचे शहर करणारा, निजामशाहीचा वजीर आणि मुघलांना पंचवीस वर्षे झुंजवणारा सेनापती, एवढी त्याची ओळख बहुतेकांना शाळेपासून असते. मे १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. म्हणजे २०२६ मध्ये त्याला ४०० वर्षे होतात.

मात्र त्याच्या आयुष्यातील सुरुवातीच्या वर्षांबद्दल फारसे बोलले जात नाही. घर सुटलेला एक मुलगा परक्या मुलखात, आपल्यासारख्याच परक्या लोकांमध्ये वाढला आणि तिथेच राज्यकारभार शिकला. पुढचा मलिक अंबर समजून घ्यायचा तर सुरुवात या मुलापासून करावी लागते.

चापू कोण होता?

मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८ मध्ये आफ्रिकेतील इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. त्या काळात इथिओपियात सतत लढाया सुरू होत्या आणि तांबड्या समुद्रातून होणारा गुलामांचा व्यापार जोरात होता. चापूही या व्यापारात सापडला. येमेनमधील मोखा बंदरात त्याची विक्री झाली. एका डच नोंदीनुसार त्याची किंमत लागली २० डुकाट, म्हणजे सोन्याची वीस नाणी.

तिथून तो बगदादला पोहोचला. मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. मुलगा हुशार आहे हे या व्यापाऱ्याच्या लक्षात आले. त्याने त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नवे नाव दिले. गाव, नाव आणि धर्म तिन्ही गोष्टी अशा रीतीने बदलल्या. त्यातली एकही त्याने स्वतः निवडलेली नव्हती.

दख्खनला हबशी कशासाठी हवे होते?

इथिओपियातून आलेल्यांना दख्खनमध्ये हबशी म्हणत. त्यांना मुख्यतः सैन्यासाठी आणले जाई. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा या दरबारांत गटबाजी मोठी होती. एका बाजूला इथे मुरलेले दख्खनी सरदार, दुसऱ्या बाजूला इराण आणि मध्य आशियातून आलेले आफाकी. अशा वेळी स्थानिक नातेसंबंध नसलेला, फक्त धन्याशी बांधलेला सैनिक सुलतानांना आणि सरदारांना सोयीचा वाटे.

या गुलामीची एक वेगळी रीत होती. धनी गेला की गुलाम बहुतेकदा मोकळा होई आणि दुसऱ्या सरदाराकडे पगारी शिपाई म्हणून राही. हबशी इथेच लग्ने करत, इथलीच भाषा बोलत. परतीची वाट नसल्याने एक-दोन पिढ्यांत ते दख्खनी होऊन जात. दरबारातील वादातही ते सहसा दख्खनी सरदारांच्याच बाजूने उभे राहत. जंजिऱ्याचे सिद्दी हे याच हबशी समाजाचे दुसरे ठळक उदाहरण.

चंगेझ खानाच्या पदरी अंबर काय शिकला?

१५७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर निजामशाहीत आला, तेव्हा तो विशीत होता. त्याला विकत घेतले पेशवा चंगेझ खानाने. हा चंगेझ खान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामही होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते.

अंबरसाठी ही मोठी गोष्ट होती. आपल्यासारखाच विकला गेलेला माणूस राज्याचा पेशवा होऊ शकतो, हे तो रोज डोळ्यांनी पाहत होता. फौज कशी उभी करायची, महसुलाचा हिशोब कसा ठेवायचा, दरबारात कोणावर किती विश्वास टाकायचा, याचे धडे त्याला इथे मिळाले. मात्र चंगेझ खानावर सुलतानाचा संशय बळावला आणि १५७४-७५ च्या सुमारास त्याचा विषप्रयोगाने अंत झाला. मोठे पदही दरबारात वाचवू शकत नाही, हेही अंबरने तरुणपणीच पाहिले.

सुटका झाली, पण पुढे काय?

चंगेझ खानाच्या पत्नीने अंबरला गुलामीतून मुक्त केले. पण स्वातंत्र्याबरोबर जहागीर मिळत नव्हती. पुढची जवळपास वीस वर्षे त्याने भाडोत्री शिपाई म्हणून काढली. सिद्दी करीमा हिच्याशी त्याचे लग्न झाले. विजापूरच्या आदिलशाहीत त्याला छोटी तुकडी आणि मलिक हा किताब मिळाला. तिथे पुरेसे पाठबळ मिळेना, तेव्हा १५९५ च्या सुमारास तो दीडशे घोडेस्वार घेऊन निजामशाहीत परतला. इथे त्याला अभंग खान या हबशी सरदाराने आसरा दिला.

त्याच वेळी मुघल फौजा अहमदनगरवर (आताचे अहिल्यानगर) चालून आल्या होत्या. चांदबिबीने पहिला वेढा परतवला. मात्र १६०० मध्ये ती मारली गेली, किल्ला पडला आणि बाल सुलतानाला कैद करून ग्वाल्हेरला पाठवण्यात आले. राजधानी गेली, राजा गेला. अशा स्थितीत मलिक अंबरने परांडा येथे राजघराण्यातील मुर्तझा निजामशहा दुसरा याला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. पन्नाशी ओलांडलेला हा माजी गुलाम आता निजामशाहीचा खरा कारभारी झाला.

गुलामीचा शिक्का पुसला गेला का?

नाही. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूके १६१७ मध्ये मलिक अंबरला भेटला होता. त्याच्या नोंदीनुसार सुलतानाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले. त्यानंतर सुलतान आणि ती राणी दोघांचाही विषप्रयोगाने मृत्यू झाला आणि तो अंबरनेच करवला, असे ही नोंद सांगते. गादीवर मग पाच वर्षांचा मुलगा आला.

जहांगीर बादशहाही आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख सहसा शिवीसह, त्याच्या काळ्या वर्णावरून करतो. त्याने चित्रकार अबुल हसनकडून एक चित्रही काढून घेतले. त्यात तो अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या डोक्यावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात असे कधीच घडले नाही. अंबर त्याच्या हाती लागलाच नाही.

याची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या बाजारात तो विकला गेला, त्याच बाजारातून अंबरनेही हबशी आणून आपल्या फौजेत भरले. इंग्रज प्रवासी विल्यम फिंचच्या नोंदीनुसार त्याच्याकडे सुमारे १० हजार हबशी आणि ४० हजार दख्खनी सैनिक होते. गुलामीची व्यवस्था त्याने मोडली नाही. तिच्यातूनच तो वर आला आणि तीच त्याने वापरली.

खडकीत त्याने काय उभारले?

१६१० च्या सुमारास दौलताबादजवळच्या खडकी गावात मलिक अंबरने शहर वसवले. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांची नावे त्याच्यासोबतच्या मराठा सरदारांवरून पडल्याचे सांगितले जाते. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत मलिकंबरी धारा म्हणून ओळखली गेली. वसुली मक्तेदारांच्या हाती देण्याची रीत त्याने बंद केली.

पाण्यासाठी त्याने नहर बांधली. तिचे तंत्र समजायला सोपे आहे. उत्तरेकडील उंच भागात जमिनीत मुरलेले पाणी भुयारी मार्गात गोळा करायचे आणि मातीच्या नळांतून, नेमका उतार राखत शहरात आणायचे. पाणी उपसायला ना बैल लागत, ना मोट. ठराविक अंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवली की हवा खेळते आणि गाळही काढता येतो. ही पद्धत इराण-इराकमध्ये फार जुनी आहे. पाणचक्कीची नहर मात्र वेगळी आणि नंतरची.

मुघलांनी १६१६ आणि १६२१ मध्ये खडकीची नासधूस केली. शहर पुन्हा उभे राहिले. १६२४ मध्ये भातवडी येथे अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

पुढे काय झाले?

अंबर गेल्यानंतर सातच वर्षांत, १६३३ मध्ये दौलताबाद पडले. खडकीचे नाव त्याचा मुलगा फतेह खान याच्यावरून फतेहनगर झाले, १६५३ मध्ये औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. जहांगीरच्या दरबारातील इतिहासकार मुतमद खान याने मात्र अंबरच्या निधनाची नोंद करताना त्याचे युद्धकौशल्य आणि कारभार मोकळेपणाने मान्य केला.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे, जवळच सिद्दी करीमाचीही. इथिओपियात जन्मलेला चापू पुन्हा कधी घरी गेला नाही. त्याचे घर दख्खनच झाले.